चोक घेताना इथला पाऊस आठवा

महाड-पोलादपूर पट्ट्यात जुलै-ऑगस्टात ऊन दिसेल तेव्हा खरं. अशा अंधारलेल्या दिवसांत मिरची-वांग्याची रोपं नुसतीच उंच वाढतात, पिवळी पडतात, माना टाकतात. त्यामुळे घरातल्या एखाद्या खोलीत दिव्याखाली रोपं तयार करायचं कोणी मनावर घेत असेल तर ते योग्यच आहे. पुण्यात बंद खोलीत केशर पिकवून झालं आहे.

सोडियमचा दिवा घेतला की चोक आलाच, आणि हल्ली दुकानात पुढे केला जातो तो डिजिटल. हलका, आवाज न करणारा, वीज कमी खाणारा. हे सगळं खरं आहे, पण बचतीचा हिशेब मांडून बघा. ४०० वॉटचा दिवा जुन्या तांब्याच्या चोकवर साधारण ४४० वॉट ओढतो, डिजिटलवर ४२०च्या आसपास. रोज १२ तास दिवा चालला तर वाचलं दिवसाला पाव युनिट, महिन्याला सातेक युनिट.

आता इथली वीज बघा. वादळात तारांवर फांदी पडते, विजा कडाडतात, लाइट जाते, आणि येते तेव्हा कधी डिम तर कधी एकदम जोरात. डिजिटल चोकच्या आतला बोर्ड अशाच झटक्याने जातो. दमट हवा आणि आत शिरणाऱ्या मुंग्या आहेतच. बोर्ड गेला की बहुधा अख्खा डबा बदलावा लागतो, आणि कित्येक महिन्यांची बचत एका रात्रीत संपते. जुना चोक म्हणजे लोखंडी पट्ट्यांवर गुंडाळलेली तांब्याची तार, जोडीला कंडेन्सर आणि इग्नायटर. दिवा पेटेनासा झाला तर वायरमन आधी इग्नायटर बदलून बघतो. इग्नायटर आणि कंडेन्सर दोन्ही सुटे मिळतात.

जुना चोक तापतो, हा त्याचा खरा दोष. टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळांत ट्यूबलाइटचे चोक वाढीच्या खोलीबाहेर बसवतात, तेच इथेही करावं. जड आहे म्हणून तो जमिनीवर मात्र ठेवू नये. २२ जुलै २०२१च्या पुरात महाडच्या बाजारपेठेत तळमजले बुडाले होते. चोक कुठलाही असो, तो भिंतीवर उंच बसवा, अर्थिंग नीट करून घ्या.

ज्यांच्याकडे सोडियमचा दिवा आणि तांब्याचा चोक चालू आहे त्यांनी तो बदलू नये. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी दोन्ही चोक सोडून चांगला एलईडी घ्यावा, तेवढ्याच उजेडाला वीज जवळपास निम्मी लागते. त्याचा ड्रायव्हरही शेवटी इलेक्ट्रॉनिकच, म्हणून तो दिव्यापासून सुटा होणारा हवा, आणि लाइनवर सर्ज प्रोटेक्टर हवाच. ड्रायव्हर बिघडला तर महाडातच बदलून मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या.