फराळाचा डबा

तपकीर, विडी, पत्ते इत्यादि व्यसनांविषयीं आमच्या घरांतून जितका विचार होतो, तितका फराळाच्या अतिरेकाविषयीं होत नाहीं. याचें कारण उघड आहे. चकली, शेव, चिवडा, तळलेले गरे हे पदार्थ घरांतले, पाहुण्यापुढें मानानें ठेवण्याचे. त्यांत दोष तो कोणता असणार? परंतु जी वस्तु मुळांत निर्दोष असते, तीच अवेळीं आणि अमर्याद खाल्ली असतां अपाय करते. आणि वस्तु निर्दोष म्हणून तो अपाय पुष्कळ वर्षें कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. म्हणून या महिन्यांत या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

'फराळ' हा शब्द 'फलाहार' या संस्कृत शब्दाचा अपभ्रंश होय. उपवासाच्या दिवशीं अन्न वर्ज्य करून फळांवर राहणें हा त्याचा मूळ अर्थ. पुढें त्यांत साबुदाणा आला, शेंगदाणे आले, बटाटे आले, आणि 'एकादशी नि दुप्पट खाशी' अशी म्हण पडली. दिवाळीच्या फराळाचा तर फळांशीं कांहींच संबंध राहिला नाहीं. तथापि शब्दाचा अर्थ पालटला तरी एक गोष्ट कायम होती, ती ही कीं फराळास तिथि होती.

आमच्या जयगडाच्या बाजूस, शास्त्री नदी जेथें समुद्रास मिळते त्या टापूंतील जुन्या घरांत, सकाळीं मऊ भात किंवा पेज, दुपारीं जेवण आणि दिवेलागणीनंतर पुन्हा जेवण असा क्रम असे. फणसाच्या दिवसांत गरे तळून डब्यांत भरले जात. परंतु फणस फोडणें, चिकाशीं झगडणें, गरे सोलून चिरणें आणि तळणें यांत दोन बायकांची अख्खी दुपार जाई, आणि डबा असे घरांतील वडील बाईच्या ताब्यांत. ती देईल तेव्हां आणि देईल तेवढें खावयाचें. पूर्वजांचा जिव्हेवर आमच्यापेक्षां अधिक ताबा होता असें यावरून कोणी समजूं नये. लग्नाच्या पंगतींत पैजा लावून जिलब्या खाणारेहि तेच होते. त्यांचा संयम मनांत होता असें नव्हे. तो घराच्या व्यवस्थेंत होता, आणि आमच्या मतें या विषयांतील मुख्य मुद्दा हाच आहे.

ती व्यवस्था आज उरलेली नाहीं. २००९ च्या सुमारास जयगडास नवें बंदर झालें, त्यामागून औष्णिक वीजप्रकल्प सुरू झाला, वस्ती व रहदारी वाढली, आणि दुकानांच्या दारांत रंगीत पुड्यांच्या माळा लोंबूं लागल्या. जयगडाहून पलीकडे तवसाळास जाणारी फेरीबोट येईपर्यंत जो वेळ जातो, तेवढ्यांत एकेक मनुष्य एक पुडा सहज संपवितो. भूक लागली म्हणून नव्हे, हात रिकामे आहेत म्हणून. घरोघरींहि तोच प्रकार. गणपतीस मुंबईहून येणारे चाकरमानी पिशव्या भरभरून खाऊ आणतात. चकली श्रावणांतहि मिळते आणि शिमग्यांतहि. पुड्यास ऋतु नाहीं, तिथि नाहीं आणि वाढणारा हात नाहीं. दूरचित्रवाणीसमोर बसून किंवा मोबाइल पाहतां पाहतां तो खाल्ला म्हणजे किती खाल्लें याची आठवणहि राहत नाहीं.

वाग्भटाचार्यांनीं अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानांतील आठव्या अध्यायांत आहाराच्या मात्रेचा विचार केला आहे. पहिलें अन्न पचलें नसतां त्यावर पुन्हा खाणें यास ते 'अध्यशन' म्हणतात. उदराचे चार भाग कल्पून दोन अन्नानें भरावे, एक द्रवाकरितां ठेवावा आणि एक मोकळा सोडावा, असेंहि त्यांचें सांगणें आहे. तळलेला पदार्थ हा हिशेब कसा चुकवितो तें पाहावें. फणसाच्या ताज्या गऱ्यांत निम्म्याहून पुष्कळ अधिक पाणी असतें. तळतांना तें निघून जातें आणि तेल आंत शिरतें. पोटांत जागा थोडी लागते, उष्मांक मात्र अनेक पटींनीं वाढतात. शिजलेल्या भाताच्या १०० ग्रॅमांत सुमारें १३० उष्मांक असतात. शेव किंवा तळलेले काप यांच्या १०० ग्रॅमांत ५०० च्या वर. म्हणजे बोलतां बोलतां खाल्लेली ५० ग्रॅम शेव सुमारें २०० ग्रॅम भाताच्या बरोबरीची ठरते. फरक इतकाच कीं भात खाणारा जेवण झालें म्हणून उठतो, आणि शेव खाणारा तासाभरानें जेवावयास बसतो.

अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्यसंस्थेंत २० प्रौढ माणसांस दोन आठवडे कारखान्यांत तयार झालेलें अन्न आणि दोन आठवडे साधें अन्न, हवें तितकें खाण्यास दिलें. दोन्ही वेळां समोर मांडलेल्या अन्नांतील उष्मांक, साखर, मीठ व स्निग्धांश यांचें प्रमाण सारखेंच ठेविलें होतें. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें, कारखानी अन्नावर तींच माणसें दिवसास सुमारें ५०० उष्मांक अधिक खात होतीं आणि त्यांचें वजन सरासरी ०.९ किलो वाढलें. तात्पर्य, प्रत्येक वेळीं खाणाराच्या इच्छाशक्तीसच दोष देणें न्यायाचें नव्हे.

हा केवळ जिभेच्या लाडाचा प्रश्न नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें देशांत १० कोटींहून अधिक लोकांस मधुमेह आहे, आणि सुमारें १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. ज्या घरांत आजोबांस मधुमेह आणि वडिलांस रक्तदाब, त्याच घरांत नातवाचें रडें थांबविण्याकरितां त्याच्या हातीं पुडा द्यावा, ही गोष्ट विचारी माणसांस शोभत नाहीं. शाळेच्या आवारांत व त्यापासून ५० मीटरांच्या आंत अतितेलकट, अतिगोड आणि अतिखारट पदार्थ विकूं नयेत, असा नियम केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानें २०२० सालीं केला. शाळेच्या फाटकावर जें नको, तें आजीच्या ओसरीवर कां असावें?

महाराष्ट्रांत २०१८ च्या सुमारास या विषयावर मोठा वाद माजला होता, तो वाचकांस स्मरत असेल. नागपूरचे कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढें नेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं असें प्रतिपादिलें कीं खरी भूक लागेल तेव्हां दिवसांतून दोनच वेळां, प्रत्येक वेळीं ५५ मिनिटांच्या आंत, जेवावें आणि मध्यें कांहीं खाऊं नये. कारण प्रत्येक खाण्याबरोबर शरीरांत इन्सुलिन स्रवतें. दुसरा पक्ष दर दोन तासांनीं थोडें थोडें खावें असें म्हणे. या वादाचा निकाल लावणें हें वैद्यांचें काम आहे. परंतु दोन्ही पक्षांनीं खाण्यास वेळ नेमून दिली आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत आलें नाहीं. येतां-जातां डब्यांत हात घालावा असें कोणीच सांगितलेलें नाहीं. लहान मुलें, गर्भवती स्त्रिया आणि मधुमेहाचीं औषधें घेणारे यांच्या जेवणाच्या वेळा मात्र वैद्यांस विचारल्यावांचून बदलूं नयेत.

आतां एका नाजूक गोष्टीकडे वळूं. एकत्र कुटुंबांत 'सूनबाई सारखी कांहींतरी तोंडांत टाकीत असते' अशी तक्रार ऐकूं येते. तक्रार करणारानें त्या सुनेच्या जेवणाची वेळ एकदां घड्याळांत पाहावी. मुलें दहाला जेवतात, पुरुष व वडील माणसें बाराला, आणि ती सर्व आटोपून दोन वाजतां, उरलेल्या भाजीवर. सकाळच्या चहानंतर सात तास उपाशी राहिलेल्या बाईनें उभ्याउभ्यां मूठभर चिवडा खाल्ला तर तो खादाडपणा नव्हे, ती भूक होय. अशा घरांत आधीं पंगत सुधारावी, डब्याचा विचार नंतर करावा. शक्य तों सर्वांनीं एकत्र जेवावें, बायकांनीं शेवटीं बसण्याची चाल मोडावी, आणि प्रत्येकाच्या ताटांत वरण, उसळ, भाजी पुरेशी असावी. वेळेवर आणि पोटभर जेवणाऱ्या माणसाची निम्मी सवय आपोआप सुटते.

राहिलेल्या निम्म्या सवयीकरितां कांहीं नियम सुचवितों. पहिला, डब्यांतून किंवा पुड्यांतून थेट खाऊं नये. लहान बशींत काढून, बसून खावें, आणि बशी दुसऱ्यांदा भरूं नये. दुसरा, फराळाची वेळ एकच असावी, उदाहरणार्थ दुपारीं चार. इतर वेळीं इच्छा झाल्यास पाणी किंवा पातळ ताक घेऊन पाव तास थांबावें. खरी भूक त्यानें जात नाहीं, खोटी बहुधा जाते. तिसरा, डबा डोळ्यांआड वरच्या फळीवर ठेवावा, आणि केळीं, पेरू, काकडी, उकडलेल्या शेंगा हाताशीं ठेवाव्या. चौथा, स्वस्त पडतो म्हणून मोठा पुडा आणूं नये. जो घरांत येतो तो पोटांत जातोच. पांचवा, पाहुण्यास एकदां विचारावें. तो नको म्हणाला तर शपथा घालून वाढूं नये.

'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाहीं' ही म्हण पुढें करून कित्येक निराश होतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत ९६ लोकांवर झालेल्या आणि २०१० सालीं छापून आलेल्या अभ्यासांत, नवी रीत अंगवळणीं पडण्यास सरासरी ६६ दिवस लागतात असें दिसलें. कोणास १८ पुरले, कोणाच्या बाबतींत हिशेब २५४ वर गेला. मध्यें एखादा दिवस चुकल्यानें मात्र फारसें बिघडलें नाहीं. हें शेवटचें आम्हांस विशेष महत्त्वाचें वाटतें. आपल्याकडे एक दिवस नेम मोडला कीं 'आतां काय उरलें' असें म्हणून सगळा डबा रिकामा होतो. तसें न करितां दुसऱ्या दिवशीं चार वाजतां पुन्हा बशी घ्यावी, म्हणजे झालें.

चातुर्मासाचे नेम धरण्याची परंपरा आपल्या घरांत आहेच. चार महिने हा काळ सवय मुरण्यास सामान्यतः पुरेसा आहे. येत्या आषाढी एकादशीस सर्व घरानें मिळून हा नेम धरावा; एकानें संयम करावयाचा आणि बाकीच्यांनीं त्याच्यासमोर बसून खावयाचें, अशानें नेम टिकत नाहीं. फराळ वर्ज्य करा असें आमचें म्हणणें नाहीं. त्यास त्याची तिथि आणि त्याची वेळ परत द्यावी, एवढेंच आहे. चातुर्मास संपण्यापूर्वीं दिवाळी येते. त्या दिवसांत घरीं केलेली चकली सर्वांनीं एकत्र बसून, बशींत घेऊन, आनंदानें खावी.