बाजूचा जिना

मागील अंकांत नाटकगृहांविषयीं चार शब्द लिहिले होते. ते वाचून आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें अमेरिकेंतील उत्तर कॅरोलिना राज्यांतून लांबलचक पत्र पाठविलें आहे. दक्षिणेकडील खेड्यापाड्यांतून हिंडतांना बंद पडलेलीं जुनीं चित्रपटगृहें आणि ओसाड 'ड्राईव्ह-इन' दिसलीं म्हणजे तेथील वृद्ध माणसें कशीं हळहळतात, हें त्यानें मोठ्या गोडीनें लिहिलें आहे. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलें, सुना, नातवंडें आज अटलांटा, शार्लट, राले अशा गांवीं नांदत आहेत; तेव्हां हा विषय आपल्या कुटुंबांस अगदींच परका नव्हे. शिवाय या हळहळीच्या पोटांत एक जुनें दुखणें दडलेलें आहे. त्याचा उल्लेख केल्यावांचून नुसते सुस्कारे टाकणें आम्हांस बरें वाटत नाहीं.

'ड्राईव्ह-इन' म्हणजे मोटारींतून न उतरतां पाहावयाचा सिनेमा. ही युक्ति रिचर्ड हॉलिंग्सहेड नांवाच्या गृहस्थाची. त्यानें न्यू जर्सी राज्यांत कॅमडेन गांवानजीक ६ जून १९३३ रोजीं असें पहिलें उघडें चित्रपटगृह चालू केलें. मोटारीस २५ सेंट आणि माणशीं २५ सेंट असा दर होता, मात्र एका मोटारीमागें एका डॉलरहून अधिक घेत नसत. कल्पना सोपी, पण अडचण अशी कीं, मागच्या मोटारींतील मंडळींस पुढच्या मोटारीचें छप्परच दिसावयाचें! त्यावर त्यानें जमिनीवर कमानीच्या आकाराच्या उंचवट्यांच्या ओळी घातल्या. पुढचीं चाकें उंचवट्यावर चढविलीं म्हणजे मोटारीचें तोंड वर होई आणि समोरच्या कांचेंतून पडदा नीट दिसे. या रचनेचा त्यानें सरकारदरबारीं एकाधिकार घेतला होता. १९४९ सालीं न्यायालयानें तो रद्द ठरविला, आणि मग अशीं गृहें कुत्र्याच्या छत्र्यांप्रमाणें जागोजाग उगवलीं. १९६० च्या आंतच त्यांची संख्या ४,००० च्या वर गेली होती.

दक्षिणेस हा प्रकार विशेष मानवला, यांत नवल नाहीं. तिकडे हिंवाळा सौम्य, त्यामुळें वर्षांतील पुष्कळ महिने खेळ चालत. गांवाबाहेर जमीन स्वस्त. शेतकरी कुटुंबाचें घर गांवापासून कोसभर दूर, घरांत तान्हीं मुलें, आणि दिवसभराच्या कामानंतर नटूनथटून गांवांत जाण्याचें त्राण कोणास असणार? येथें मुलांस रात्रीच्या कपड्यांवरच मोटारींत घालून आणीत. तीं पडद्याखालच्या झोपाळ्यांवर खेळत आणि चित्र अर्ध्यावर येतें न येतें तोंच मागच्या बैठकीवर झोंपी जात. दुकानांत मक्याच्या लाह्या मिळत, तशीं डांस पळविण्याचीं जळतीं वेटोळींही मिळत. कित्येक ठिकाणीं एक दिवस असा ठरविलेला असे कीं, मोटारींत माणसें किती कां असेनात, दर एकच. त्या दिवशीं एकेका मोटारींतून केवढा गोतावळा बाहेर पडत असेल, याची एकत्र कुटुंबांतील आमच्या वाचकांस सहज कल्पना येईल. इतर दिवशीं मात्र कांहीं उनाड पोरें सामानाच्या पेटींत दडून फुकट आंत शिरत. आवाजासाठीं प्रथम पडद्याजवळ मोठाले कर्णे लावीत, त्यांनीं शेजारच्या वस्तीची झोंप उडे. १९४५ नंतर खिडकींत अडकविण्याचे लहान ध्वनिक्षेपक सर्रास रूढ झाले. आतां तर मोटारींतल्या रेडिओवरच संवाद ऐकूं येतात.

आम्हांस विचाराल तर ड्राईव्ह-इनपेक्षां गांवांतील छपराचें चित्रपटगृह अधिक जिव्हाळ्याचें. कापसाच्या मुलखांत शनिवार हा बाजाराचा दिवस. कचेरीच्या चौकांत गाड्या लागत, बायका कापडचोपड घेत, पुरुष भाव विचारीत, आणि मुलें हातांत नाणें घट्ट धरून जीन ऑट्री नाहींतर रॉय रॉजर्स यांचे घोडे पाहण्यास धांवत. मुख्य चित्रापूर्वीं एखादी क्रमशः चालणारी साहसकथा असे. नायक कड्यावरून लोंबकळत असतां ती थांबे, ती थेट पुढील शनिवारपर्यंत! तेथील उन्हाळा घामट व असह्य. हवा थंड करण्याचीं यंत्रें घरोघर आलीं तीं फार उशिरां. त्यापूर्वीं अनेक गांवांत गार हवा मिळण्याची सार्वजनिक जागा काय ती हीच. कित्येकजण कथानकापेक्षां त्या गारव्यासाठींच दोन तास बसत असतील, आणि त्यांत आम्हांस कांहीं गैर वाटत नाहीं.

येथवर सर्व मधुर आहे. परंतु या चित्रपटगृहांना बहुधा दोन वाटा असत. समोर दिव्यांनीं झळकणारें दार. आणि बाजूस, बोळाच्या अंगास, एक अरुंद जिना. दार गोऱ्यांसाठीं, जिना कृष्णवर्णीयांसाठीं. जिना थेट वरच्या सज्ज्यांत जाई. चित्र एकच, नट तेच, पण वाट निराळी, आणि पुष्कळदां तिकिटाची खिडकीही निराळी. अटलांटा शहराचें १९२९ च्या नाताळांत उघडलेलें 'फॉक्स' हें प्रासादतुल्य चित्रपटगृह. त्यालाही बाहेरून असाच जिना होता. कांहीं गांवांत सज्जाही नसे. तेथें गोऱ्यांचे खेळ आटोपल्यावर, मध्यरात्रीं, कृष्णवर्णीयांसाठीं निराळा खेळ लावीत. कांहीं ठिकाणीं त्यांचीं स्वतंत्र चित्रपटगृहें होतीं, आणि तीं त्यांना प्रियही होतीं. ड्राईव्ह-इनमध्यें तर प्रत्येकजण आपापल्या मोटारींत, आकाश सर्वांचें. तेथें तरी भेद कशाला असावा? पण दक्षिणेंतील कित्येक ड्राईव्ह-इनमध्येंही निराळा भाग आंखून दिलेला असे, आणि कांहींत प्रवेशच नसे.

'गॉन विथ द विंड' हें जगप्रसिद्ध चित्र जुन्या दक्षिणेच्या वैभवाबद्दल अश्रु ढाळणारें. त्याचा पहिला खेळ १५ डिसेंबर १९३९ रोजीं अटलांटाच्या 'लोज ग्रँड'मध्यें झाला. त्यांत दासीची भूमिका करणाऱ्या हॅटी मॅकडॅनियल या गुणी नटीस त्या समारंभास येतां आलें नाहीं, कारण तिचा वर्ण. दोनच महिन्यांनीं तिला त्याच भूमिकेबद्दल ऑस्कर पारितोषिक मिळालें. तो मान मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावती. त्या मेजवानींतही तिची बैठक चित्राच्या इतर नटमंडळींपासून दूर, भिंतीकडेच्या मेजावर होती. ज्या चित्रांत गतकाळाची एवढी ओढ, त्याच्याच दाराशीं हा प्रकार. मग त्या चित्रपटगृहांच्या आठवणींनीं गहिंवरणाऱ्यांनीं आपण कोणत्या दारानें आंत जात होतों, हेंही आठवावें, अशी अपेक्षा केली तर ती अवाजवी कशी?

२ जुलै १९६४ रोजीं अमेरिकेचा नागरी हक्कांचा कायदा झाला. त्यांत उपाहारगृहें व खाणावळी यांच्याबरोबर चित्रपटगृहांचाही नांवानिशीं उल्लेख आहे. कायदा कागदावर आला; आतां पुढच्या दारानें आंत जाणारा कोणी पाहिजे होता. मिसिसिपी राज्यांत ग्रीनवुड म्हणून कापसाच्या पेठेचें गांव आहे. तेथील 'लफ्लोर' चित्रपटगृहांत त्याच महिन्यांत सायलस मॅकगी नांवाचा एक कृष्णवर्णीय तरुण तिकीट काढून खालच्या मजल्यावर जाऊन बसला. त्यास मारहाण झाली. तो पुन्हां गेला. पुढें तिघा गोऱ्यांनीं त्यास बंदुकीच्या धाकानें गाडींत घालून नेलें आणि बडविलें. तो निसटला व त्यानें फिर्याद दिली. त्या प्रकरणीं झालेली अटक ही नव्या कायद्याखालील पहिली अटक होय. ऑगस्टांत तो मोटारींत बसलेला असतां त्याच्या तोंडावर गोळी झाडण्यांत आली. दैव बलवत्तर म्हणून वांचला. एका सिनेमाच्या खुर्चीसाठीं! कोणी म्हणेल, सिनेमा तो काय, आणि त्यापायीं जीव धोक्यांत घालण्यासारखें त्यांत काय? आम्हांस उलट वाटतें. देवळांत व शाळेंत जाण्यास कारण तरी सांगावें लागतें. केवळ मौजेसाठीं कोठें बसतां येणें, ही बरोबरीची खरी परीक्षा होय.

आमच्या विद्यार्थ्यानें आपल्याकडील तंबूच्या सिनेमाची आठवण काढली आहे. तंबू आम्हांसही आठवतो. गांवच्या यात्रेंत तो ठोकला जाई. जमिनीवर बैठक, पुरुष एका अंगास, बायका दुसऱ्या, मध्यें दोर. फीत तुटली म्हणजे जो कल्लोळ उठे तोही तिकिटाच्या पैशांत मिळे. तंबूच्या दाराशीं जात विचारीत नसत, तिकीट विचारीत. पण आंत गेल्यावर मंडळी गांवच्या संवयीनें बसत, आणि आमच्या घरच्या वडीलधाऱ्या बायका परत आल्यावर लुगडें बदलल्याशिवाय स्वयंपाकघरांत पाऊल टाकीत नसत. आज आपण जुन्या वाड्यांच्या आठवणी काढतों. चौक, तुळशीवृंदावन, माजघरांतील झोपाळा, सर्व काढतों. त्याच वाड्यांस मागल्या अंगानें एक बोळ असे आणि त्या बोळानें पाय न वाजवितां येऊन जाणारीं माणसें होतीं. त्यांची आठवण मात्र क्वचितच कोणी काढतो.

यांत आपल्या परंपरेची साक्षही दुहेरी आहे, म्हणून ती सांगतों. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत आरंभींच कथा अशी कीं, चार वेद सर्वांस ऐकतां येत नाहींत म्हणून ब्रह्मदेवानें नाट्य हा पांचवा वेद निर्माण केला. त्यास मुनींनीं 'सार्ववर्णिक' असें विशेषण दिलें आहे. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायांत नाट्यगृह बांधण्याचा विधि आहे, त्यांत चार स्तंभ चार वर्णांच्या नांवानें उभारावयाचे आहेत, त्यांचे रंगही निरनिराळे. बसण्याच्या जागा या स्तंभांवरून ठरत, असें कांहीं विद्वान मानतात. नाट्य सर्वांचें, पण खांब ज्याचा त्याचा. मुनींच्या मनांत पहिलें वचन मोठें होतें कीं दुसरें, याचा निकाल पंडितांनीं करावा. आमचा कौल पहिल्याकडे आहे.

ही गृहें ओस कां पडलीं, तें थोडक्यांत सांगतों. दूरचित्रवाणी घरांत आली. गांवें वाढून, शेताच्या भावानें घेतलेली जमीन सोन्याच्या मोलाची झाली. १९६६ च्या कायद्यानें उन्हाळ्यांत घड्याळ एक तास पुढें करण्याची पद्धत बहुतेक देशभर एकसारखी झाली, त्यामुळें अंधार पडण्यास घड्याळांत नऊ वाजूं लागले. सकाळीं उठून कामास जाणारा माणूस बारापर्यंत कसा जागणार? शेवटीं २०१३ च्या सुमारास चित्रसंस्थांनीं फितींच्या प्रती काढणें जवळजवळ बंद केलें. नवें यंत्र घेण्यास एकेका पडद्यामागें ७० ते ८० हजार डॉलर पडूं लागले, आणि लहान मालकांनीं हात टेंकले. २०२० च्या महामारींत बंद घरांतील माणसांस पुन्हां या मोकळ्या माळांची आठवण झाली, पण ती गर्दी कांहीं काळापुरतीच. आतां साऱ्या देशांत सुमारें ३०० ड्राईव्ह-इन उरलीं आहेत. जॉर्जियाच्या डोंगरांत ब्लू रिज गांवीं १९५५ पासूनचें 'स्वान' आहे. नातवंडांकडे जाणाऱ्या वाचकांनीं तें जरूर पाहावें, आणि जातांना पांघरूण न्यावें, कारण डोंगरांत रात्रीं गारठा पडतो.

उत्तर कॅरोलिनांतील लेक्झिंग्टन गांवीं एच. ली वॉटर्स नांवाचे एक छायाचित्रकार होते. १९३६ ते १९४२ या वर्षांत मंदीमुळें धंदा बसला, म्हणून ते कॅमेरा घेऊन कॅरोलिना, व्हर्जिनिया, टेनेसी या भागांतील शंभरांहून अधिक गांवीं हिंडले. गांवांत जावें, चौकांतून, शाळेंतून, गिरणीच्या फाटकांतून बाहेर पडणाऱ्या माणसांचें चित्र घ्यावें, आणि कांहीं दिवसांनीं तेथीलच चित्रपटगृहांत मुख्य खेळाबरोबर दाखवावें. जाहिरात एवढीच कीं, 'या, स्वतःला पडद्यावर पाहा.' लोकांची झुंबड उडे. त्या फितींपैकीं कॅनापोलिस गांवची १९४१ ची फीत अमेरिकेनें २००४ त आपल्या राष्ट्रीय संग्रहांत जतन करण्यासाठीं निवडली, आणि ड्यूक विश्वविद्यालयानें अशा पुष्कळ फिती कोणासही घरबसल्या पाहतां येतील अशा ठेविल्या आहेत. वॉटर्स कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतून व शाळांतूनही हिंडले होते. चित्रपटगृहांत ज्यांना बाजूच्या जिन्यानें वर जावें लागे, तीं माणसें या फितींत अगदीं समोर आहेत: शाळेच्या पायऱ्या उतरणारीं मुलें, टोपी सांवरणारा एक म्हातारा, कॅमेरा दिसतांच पदरासारखा हात तोंडाशीं नेऊन हंसणाऱ्या मुली.