अणुभट्टीची उसंत

सुरतेच्या गोडादऱ्यात खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तेथून शंभर किलोमीटरच्या आत, तापीच्या वरच्या अंगाला काक्रापार अणुवीज केंद्र आहे. म्हणून अणुभट्टीच्या सुरक्षिततेचा प्रश्न या वस्तीला परका नाही.

भट्टी बंद केली म्हणजे ती लगेच थंड होत नाही. बंद होताच मूळ उष्णतेच्या सुमारे ६ टक्के उष्णता शिल्लक असते. एका दिवसानंतरही सुमारे अर्धा टक्का उरते. ती काढून नेणारे पंप वीज गेल्यामुळे थांबले तर काय होते, हे २०११ साली फुकुशिमाने दाखविले.

आपल्याकडे ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा येथे आग लागून सुमारे १७ तास वीज नव्हती. पंप बंद पडले. पण तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि निवलेले खाली येते, या साध्या नियमाने भट्टीतील उष्णता बाष्पजनित्रापर्यंत पोहोचत राहिली. मात्र त्या बाष्पजनित्रात पाणी भरले ते माणसांनी, डिझेलवर चालणारे अग्निशामक पंप सुरू करून. अर्धे काम निसर्गाने केले, अर्धे माणसाने.

काक्रापारच्या ७०० मेगावॉटच्या दोन नव्या भट्ट्यांत हे दुसरे अर्धे कामही पंपावाचून व्हावे अशी योजना आहे. बाष्पजनित्रातील वाफ उंचावरील टाकीत निवते आणि तिचे पाणी आपल्याच वजनाने परत येते. कैग्याला उभ्या राहत असलेल्या दोन भट्ट्याही याच जातीच्या आहेत.

आता छोट्या भट्ट्यांची चर्चा आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात त्यांच्यासाठी २०,००० कोटी रुपये आणि २०३३ पर्यंत किमान पाच देशी भट्ट्या असा संकल्प जाहीर झाला. भट्टी लहान म्हणजे शिल्लक उष्णताही कमी, आणि तेवढीच टाकी अधिक काळ पुरते. हा गुण खरा आहे, आणि मी या भट्ट्यांच्या बाजूचा आहे.

परंतु ‘आपोआप थंड होते’ या शब्दांनी भुलून जाणे मला मान्य नाही. टाकी कितीही मोठी असली तरी तिला तळ आहे. निसर्ग आपल्याला उसंत देतो, अभय देत नाही. म्हणून मित्रहो, छोटी भट्टी आहे या सबबीवर माणसे आणि तपासणी कमी करू पाहणाऱ्यांना आपण दोनच प्रश्न विचारावेत : ही उसंत किती तासांची? आणि त्यानंतर टाकी कोण भरणार? त्यांची उत्तरे गोडादऱ्यातल्या माणसाला त्याच्या भाषेत मिळाली पाहिजेत.