विश्लेषण : कात्री न लावता ‘बॉबकट’! लांब केसांतून जुन्या काळची केशरचना कशी साधते? आणि ती करावीशी का वाटते?

भंडाऱ्याहून नागपूरच्या दिशेने निघाले की महामार्गावर शहापूर लागते. इथल्या आणि आसपासच्या गावांतल्या मुली शिकायला, नोकरीला भंडारा-नागपूर गाठतात आणि पुण्या-मुंबईच्या मुली पाहतात तीच रील्स मोबाइलवर पाहतात. त्यात एक प्रकार वारंवार दिसतो. कमरेपर्यंत केस असलेली तरुणी आरशासमोर बसते आणि काही मिनिटांत तिचे केस मानेपाशी येऊन थांबतात. शंभर वर्षांपूर्वीचा बॉबकट तयार, आणि जमिनीवर एक केसही पडलेला नाही. याला ‘फो बॉब’ म्हणतात, म्हणजे खोटा बॉबकट.

वरवर पाहता हा नटण्यामुरडण्याचा विषय. पण ज्या घरात मुलीच्या केसांची लांबी आई, आजी आणि पुढे सासू ठरवते, तिथे तो तेवढाच राहत नाही.

खोटा बॉबकट होतो तरी कसा?

मूळ तत्त्व अंबाड्याचेच आहे. फरक इतकाच, की अंबाडा दिसावा म्हणून बांधतात आणि इथे तो लपवायचा असतो. केसांचे आडवे दोन भाग करायचे. खालच्या भागाच्या एक-दोन सैल वेण्या घालून त्या मानेच्या खळग्याशी चपट्या गुंडाळायच्या आणि पिनांनी बसवायच्या. हा झाला पाया. वरचा भाग मोकळा ठेवून त्याला लाटा किंवा कुरळेपणा द्यायचा, टोकाजवळ बारीक रबर लावायचे आणि ते टोक आतल्या बाजूने वळवत वळवत पायाच्या वेणीखाली दडवायचे. मग यू पिना. एक पिन सरळ आणि दुसरी तिला छेदून फुलीसारखी लावली तर पकड दुप्पट होते. शेवटी कानाजवळच्या बटा थोड्या सैल ओढल्या, की पाहणाऱ्याला केस तिथेच संपल्यासारखे वाटतात.

नवख्या मुली चुकतात त्या दोन ठिकाणी. पहिली चूक तेलाची. चंपी केलेल्या केसांवर पिन टिकत नाही, सरकते. आदल्या दिवशी धुतलेले, किंचित खरखरीत केस या कामाला उत्तम. दुसरी चूक दाटपणाची. शेपटा मनगटाएवढा असेल तर सगळे केस आत मावत नाहीत आणि मागे गाठोडे दिसते. अशा वेळी पायाच्या वेण्या दोनाऐवजी चार करून त्या डोक्याच्या मागच्या बाजूला पसराव्या लागतात.

लाटांसाठी बाजारातला महागडा जेलच हवा असे नाही. धान उभे असतानाच त्याच बांध्यांत लाखोळी आणि जवस फेकून उतेरा पीक घेण्याची पद्धत या भागात जुनी आहे. तेच जवस दोन चमचे घेऊन दोन कप पाण्यात उकळले, की अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट रस सुटतो. तो गरम असतानाच गाळायचा. गार झाल्यावर गाळायला बसले तर फडके आणि संयम दोन्ही हातचे जातात. ओल्या केसांना हा रस लावून बोटे आणि कंगवा यांच्यामध्ये केस उलटसुलट दाबत नेले, की १९२०-३०च्या दशकातल्या ‘फिंगर वेव्ह’ तयार होतात. त्या काळात पाश्चात्त्य देशांतही अशाच चिकट बियांचा रस वापरला जात असे. केस पूर्ण वाळेपर्यंत मात्र हात लावायचा नाही. विजेचा चिमटा वापरायचा असेल तर तो कोरड्याच केसांवर. ओल्या केसांवर फिरवला तर केस जळतात.

आपल्याकडचा सर्वांत गाजलेला ‘कट’ निम्माच होता

पाश्चात्त्य देशांत १९१५च्या सुमारास नर्तकी आयरीन कॅसल हिच्या आखूड केसांनी खळबळ उडवली आणि विसाव्या दशकात बॉबकट ही नव्या स्त्रीची खूण ठरली. काळी बॉबी पिनही या बॉबकटवरूनच ओळखली जाऊ लागली. ज्यांना कापायची हिंमत नव्हती किंवा परवानगी नव्हती, त्या तेव्हाही केस मानेशी चपटे बांधून बॉबकटचा आभास करत. म्हणजे आजचे रील नव्याने काही शोधून काढत नाही.

भारतातली गोष्ट अधिक मजेदार आहे. १९५३च्या ‘रोमन हॉलिडे’मध्ये ऑड्री हेपबर्नची राजकन्या न्हाव्याकडे जाऊन लांब केस कापून घेते. तिच्या कपाळावरच्या बटा दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी १९६०च्या ‘लव्ह इन सिमला’मध्ये साधनाच्या रुंद कपाळावर आणल्या आणि ‘साधना कट’ घरोघरी पोहोचला. पण साधनाने हेपबर्नची फक्त पुढची बाजू घेतली. मागे केस लांबच राहिले; त्यांची वेणी होत होती, अंबाडाही होत होता. पुढून आधुनिक आणि मागून घरंदाज, ही तडजोड भारतीय घरांना चटकन पटली. बटा तेवढ्या कापल्या, शेपटा शाबूत राहिला, म्हणून फारशी भांडणे न होता तो कट खपला असे म्हणायला हरकत नाही.

कपाळावरच्या या बटाही न कापता करता येतात. केस डोक्याच्या अगदी वर उंच बांधायचे, शेपटाची टोके पुढे कपाळावर आणायची, हव्या त्या लांबीवर थांबवून पिना लावायच्या आणि उरलेल्या भागाचा वर अंबाडा घालायचा. सांधा दिसत असेल तर त्यावर रुमाल किंवा पट्टा. महाविद्यालयातल्या ‘रेट्रो डे’ला एवढे पुरते.

आणि यात एक गंमत आहे. मराठी घरांत गंगावन होतेच. विरळ किंवा आखूड केस लांब, भरघोस दिसावेत म्हणून वेणीत जोडायचा तो केसांचा झुपका. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर पुरुष स्त्रीपार्टी करत तेव्हाही खोट्या केसांवाचून भागत नसे. लांब केसांचे सोंग सर्वांना मान्य होते. आखूड केसांचे सोंग काढले की मात्र भुवया उंचावतात.

आखूड केसांचे एवढे वावडे कशासाठी?

याचे उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासात आहे आणि ते सुखाचे नाही. ब्राह्मण आणि काही इतर उच्चवर्णीय घरांत नवरा गेला की बाईचे केशवपन होत असे. लांब केस हे सौभाग्याचे चिन्ह, म्हणून केस जाणे म्हणजे सगळे जाणे. १८८२मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’त विधवांच्या या विटंबनेवर आसूड ओढला. १८९०मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक एकत्र आले आणि विधवांचे वपन करणार नाही असे त्यांनी ठरवले. वस्तरा ज्यांच्या हातात होता, त्यांनीच तो खाली ठेवला. धोंडो केशव कर्वे यांच्या हिंगण्याच्या कामात आयुष्य घालवलेल्या पार्वतीबाई आठवले यांचेही वपन झाले होते. पुढे त्यांनी केस पुन्हा वाढवण्याचा निर्णय स्वतः घेतला.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की आजीचा विरोध निव्वळ जुनाट वाटत नाही. तिच्या आधीच्या पिढ्यांनी आखूड केस पाहिले ते शिक्षा म्हणून. तिच्या ‘नको गं बाई’मध्ये थोडी भीतीही असते. पण वपनाची सक्ती आणि केस न कापण्याची सक्ती या दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. डोके एकीचे आणि निर्णय दुसऱ्याचा. दाराशी ‘केसांवर भांडी’ ओरडत येणारा फेरीवालाही गळलेल्या केसांचा भाव घरच्या बाईला विचारतो. डोक्यावरच्या केसांबाबत तेवढेही विचारले जात नाही.

मग खोट्यावरच समाधान मानायचे?

ते मुलीने ठरवावे, आणि ठरवण्याआधी हिशेब माहीत असावा. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, वर्षाला सुमारे १५ सेंटिमीटर. कमरेपर्यंतचा ७५ सेंटिमीटरचा शेपटा म्हणजे पाच वर्षांची वाढ. तो दहा मिनिटांत कापता येतो, पण पश्चात्ताप झाला तर पुन्हा पाच वर्षे. म्हणून खोटा बॉबकट ही उत्तम रंगीत तालीम आहे. चेहऱ्याला शोभतो का, मान मोकळी बरी वाटते का, वर्गात, घरी, मंडईत लोक काय म्हणतात आणि ते ऐकून आपल्याला काय वाटते, हे सगळे एका दिवसात कळते. काहींना कळते की लांब केसच हवेत. तेही चांगलेच.

मात्र घरच्यांनी या तालमीलाच कायमचा तोडगा करू नये. ‘हौस भागली ना, आता कापायचे नाव काढू नको’ असे म्हटले, की पिनांचे कुलूप होते. ज्या मुलीला रोज पहाटे दोरीएवढा शेपटा विंचरून बस पकडायची आहे, कारखान्यात यंत्राशेजारी उभे राहायचे आहे, तिला आखूड केस फॅशनपेक्षा सोयीसाठी हवे असतात. दुसऱ्या महायुद्धात हॉलीवूडच्या व्हेरोनिका लेकने डोळ्यावर येणारी आपली प्रसिद्ध बट बदलली ती याच कारणाने. तिचे अनुकरण करणाऱ्या कामगार स्त्रियांचे केस यंत्रांत अडकण्याचा धोका होता. रोजची गरज एका दिवसाच्या सोंगाने भागत नाही.

शिवाय हे सोंग रोज करण्यासारखे नाहीच. घट्ट पिना आणि रबर यांचा ताण सतत कपाळाकडच्या केसांवर पडला, तर तिथले केस कायमचे विरळ होऊ शकतात. डोके दुखू लागले तर पिना खूप घट्ट बसल्या आहेत असे समजावे. दुचाकीवरून भंडाऱ्याला जायचे असेल तर ही रचना हेल्मेटखाली टिकणार नाही; हेल्मेट सोडू नये, पिना सोबत न्याव्यात आणि पोहोचल्यावर केस बांधावेत. लावताना पिना मोजून ठेवाव्यात, कारण रात्री काढताना एखादी दाट केसांत हमखास राहते आणि उशीवर डोके टेकल्यावरच सापडते.