भट्टीसमोर उभा राहणारा मालक

कापडाच्या धंद्यातून निघालेले भांडवल खाण्याच्या धंद्यात घालण्याकडे हल्ली आपल्या तरुणांचा ओढा फार वाढला आहे. भिवंडी असो की मालेगाव, लूम भंगारात गेले, गाळा भाड्याने दिला आणि त्या पैशातून पिझ्झा-बर्गरचे दुकान टाकले, असे चार घरांत ऐकू येते. यात गैर काही नाही. हलाल मार्गाने रिज्क जिथे मिळेल तिथे माणसाने जावे. आमची तक्रार वेगळी आहे. आपले लोक दुकान टाकतात ते काच, फर्निचर, एसी आणि बोर्डावर पैसा ओतून, आणि ज्या हाताने पदार्थ व्हायचा तो हात मात्र पगारावर आणतात. शेजारच्याने दोन हजार रुपये जास्त दिले की तो हात तिकडे जातो आणि मालकापाशी उरतो फक्त बोर्ड.

पिझ्झा ज्या मुलुखातून आला तिथे हा धंदा कसा चालतो, हे पाहण्याचा योग आम्हाला आला. जून २०२३ मध्ये इटलीच्या मिलान शहरात इटमा हे कापड-यंत्रांचे प्रदर्शन भरले होते. दिवसभर यंत्रे पाहायची आणि संध्याकाळी मेट्रोच्या लाल लाइनीने लोरेतो स्टेशनवर उतरून वीया पादोवा या रस्त्याला लागायचे, असा आमचा क्रम होता. हा लांबलचक रस्ता परदेशातून आलेल्या कष्टकऱ्यांचा. तिथे एका मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, कुटुंबाचे आठ टेबलांचे पिझ्झाचे दुकान सापडले आणि सहा दिवसांत आम्ही चार वेळा तिथेच जेवलो.

मिलानमध्ये मिसरी माणूस पिझ्झा भाजतो याचे तिथे कुणाला नवल वाटत नाही. शहरातल्या भट्ट्यांवर मिसरी कारीगर कित्येक वर्षांपासून आहेत आणि पुष्कळ दुकाने आता त्यांच्याच मालकीची झाली आहेत. आमच्या दुकानाच्या मालकाला इंग्रजी येत नव्हते आणि आमची अरबी सलाम-दुआच्या पुढे जात नाही, पण त्याचा कॉलेजात शिकणारा मुलगा दुभाष्याचे काम करी. हा मुलगा आम्हाला ‘या हज्ज’ म्हणे. हजला आम्ही अजून गेलेलो नाही, पण मिसरमध्ये वयस्क माणसाला असेच म्हणतात. त्याने सांगितले की बाप याच दुकानात भांडी धुण्याच्या कामावर लागला. मग मैदा मळायला शिकला, मग गोळा हाताने पसरायला, आणि सर्वांत शेवटी भट्टी त्याच्या हाती आली. इटालियन मालक म्हातारा झाला आणि त्याची मुले धंद्यात यायला तयार होईनात, तेव्हा त्याने दुकान बाहेरच्याला न देता याच नोकराला हप्त्याने विकले.

भट्टी दाराजवळच आहे. मालक स्वतः तिच्यासमोर उभा, धाकटा भाऊ मैद्यावर, मुलगा टेबलावर आणि गल्ल्यावर. सकाळी टोमॅटो आणि भाजी पाहण्याचे काम घरच्या बाईचे. बाहेरचा नोकर एकच. या दुकानात दारू नव्हती, डुकराचे मांस नव्हते. ही दोन्ही ठेवणारी दुकानेही आपल्या लोकांची आहेत. त्यांचा हिशेब त्यांच्यापाशी. आम्ही मार्गरिता घेत असू. टोमॅटो, चीज आणि तुळशीच्या जातीचे एक पान, बस्स. माणशी एक अख्खा पिझ्झा समोर येतो, सुरीने कापून खायचा. कडा फुगलेल्या, तळाला काळे ठिपके, मध्ये मऊ. तंदूरमधल्या ताज्या नानची आठवण व्हावी असा. सात युरोंत पोट भरत होते.

आम्हाला जास्त मोलाचे वाटले ते गिऱ्हाईक. बहुतेक इटालियन, आणि रोजचे. एक वृद्ध बाई सातच्या सुमारास एकट्या येत. त्यांनी काही सांगण्याआधीच भट्टीत गोळा गेलेला असे. ही ओळख पगारी मॅनेजरला होत नाही, कारण सहा महिन्यांनी तो दुसऱ्या दुकानात असतो.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू. नेपल्सच्या पिझ्झाचे माप युरोपीय संघाने २०१० मध्ये नोंदवले आहे: गोळा १८० ते २५० ग्रॅमचा, भट्टी ४८५ अंशांची, आणि भाजण्याची वेळ ६० ते ९० सेकंद. मैदा, टोमॅटो, चीज सकाळी आले आणि रात्रीपर्यंत रोख होऊन गल्ल्यात पडले. आमच्या धंद्यात ९० दिवसांची उधारी असते आणि ९० दिवसांनंतर पार्टी फोन उचलत नाही. तेव्हा हा धंदा चांगला, यात वाद नाही. मात्र त्या ९० सेकंदांत मालाचे सोने की कोळसा, हे भट्टीवरच्या हातावर असते.

नेपल्समध्ये १८७० पासून चालत आलेली ‘दा मिकेले’ नावाची पेढी आहे, कोंदुर्रो घराण्याची. कित्येक दशके तिथे दोनच प्रकार मिळत, मार्गरिता आणि मारिनारा. आपल्याकडे नवे दुकान उघडते तेच साठ पदार्थांच्या कार्डाने. युनेस्कोने २०१७ मध्ये यादीत घेतली तीही नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कारीगरी. त्याच शहरात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तंगीत बायका घराच्या दारात पिझ्झा तळून विकत आणि ‘आज खा, आठ दिवसांनी द्या’ अशी उधारी चाले. गल्लीतला माणूस गल्लीतल्या माणसाला ओळखत होता म्हणून हे जमले.

डॉमिनोज या अमेरिकी कंपनीने २०१५ मध्ये इटलीत पाय ठेवला. बेत ८८० दुकानांचा होता. मजल गेली २९ दुकानांपर्यंत आणि २०२२ मध्ये ती सारी बंद झाली. घरपोच पिझ्झा ही तिची खासियत. कोरोनाच्या काळात गल्लीतली छोटी दुकानेही मोबाईलवरून मागणी घेऊन घरपोच देऊ लागली, मग कंपनीपाशी वेगळे काय उरले? कुणी म्हणेल, याच कंपनीचे भारतात पहिले दुकान १९९६ मध्ये निघाले आणि आज दोन हजारांवर आहेत, त्याचे काय? खरे आहे. पण इथे तिच्यासमोर गल्लीतला पिझ्झावाला नव्हताच. भट्टी मात्र होती. आपल्या मोहल्ल्यामोहल्ल्यात नान-पावाच्या बेकऱ्या होत्या, खमीर जाणणारे उस्ताद होते. ते पहाटेपासून भट्टीपुढे घाम गाळत राहिले, मालक गल्ल्यावर बसून राहिला, आणि नवा पदार्थ दुसऱ्यांनी आणला.

म्हणून आमचे मत असे की, ज्याच्यापाशी भांडवल आहे पण हात नाही, त्याने उस्तादाला पगाराऐवजी हिस्सा द्यावा. मुदारबत आपल्याला नवी नाही: एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत, नफा ठरल्याप्रमाणे, आणि तोटा आला तर पैशाचा तोटा पैसेवाल्याचा, मेहनतवाल्याची मेहनत वाया. हे कागदावर लिहावे, हिशेब दर महिन्याला दाखवावा, आणि मिलानच्या त्या म्हाताऱ्याने केले तसे, काही वर्षांनी दुकान हप्त्याने विकत घेण्याचा पहिला हक्क उस्तादाला ठेवावा. तोंडी कराराची आपली सवय इथे चालणार नाही. भावाभावांच्या फर्म याच पायी फुटलेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

आणि ज्याला स्वतःच मालक व्हायचे आहे त्याने पैसे गुंतवण्यापूर्वी सहा महिने मैदा मळावा. घरातली बुजुर्ग मंडळी नाक मुरडतील, शेठचा मुलगा बेकरीत जाणार काय म्हणतील. भिवंडीतल्या एका बेकरीच्या उस्तादापाशी आम्ही ही गोष्ट काढली. शिकवायला तो तयार आहे, त्याचे पैसेही मागत नाही. पहाटे चारला यावे लागेल आणि मोबाईल बाहेर ठेवावा लागेल, एवढ्या त्याच्या दोन अटी आहेत.