लूना विकायची की ठेवायची?

कोल्हार, लोणी, राहुरी या पट्ट्यातील आपल्या वस्त्यांत आजही एखाद्या पडवीत गोणपाटाखाली झाकलेली लूना दिसते. चाकात हवा नाही, सीट उंदरांनी कुरतडलेली. पण भंगारवाला दारात आला की घरातले वडील उठून उभे राहतात, "तिला हात लावायचा नाही!" मुलगा म्हणतो, "दादा, आता हिचे पार्टसुद्धा मिळत नाहीत. जागा तरी मोकळी होऊ द्या." या वादात खरे कोणाचे?

लूना ही आपल्याच जिल्ह्याची लेक. कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीने १९७२ साली ती बाजारात आणली आणि आपल्या नगरच्या कारखान्यात ती बनू लागली. इंजिन इवलेसे, ५० सीसीचे. पेट्रोल संपले तर सायकलसारखे पायडल मारीत घर गाठायचे. प्लग काळा पडला तर पॉलिश पेपरने घासायचा, की गाडी पुन्हा सुरू. मोटारसायकल ज्यांच्या आवाक्याबाहेर होती, त्या शिपायाने, शिक्षकाने, साखर कारखान्याच्या कामगाराने पै-पै साठवून लूना घेतली. पुढे बायको, मागे धान्याचे पोते, असा संसार तिने ओढला.

आपल्या माणसाला स्वतःच्या वाहनाचे मोल इतरांपेक्षा जास्त का, हे बाबासाहेबांच्या आठवणी वाचल्यावर कळते. १९०१ साली मसूर स्टेशनवरून वडिलांकडे निघालेल्या लहानग्या भीमरावाला आणि त्याच्या सोबतच्या मुलांना गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि बैलगाडी मुलांनीच हाकायची, असे ठरले. १९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले. तोपर्यंत ते बॅरिस्टर झाले होते, तरी एकही टांगेवाला त्यांना घेऊन टांगा हाकायला तयार होईना. अखेर वस्तीतल्याच माणसाने टांगा हाकला. त्याला सवय नव्हती. पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

ज्या समाजाने हे सोसले, त्याच्या दारात स्वतःची गाडी उभी राहणे ही साधी गोष्ट नव्हती. आता कोणाच्या गाडीत बसू देतात का, ही वाट पाहणे संपले. म्हणून दादांचा जीव लोखंडात अडकलेला नाही, त्या दिवसात अडकलेला आहे. हे मुलांनी समजून घ्यावे.

पण दादांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कंपनीचे नाव कोणाचे सगेसोयरे नसते. कायनेटिकने १९८४ साली जपानच्या होंडाशी भागीदारी केली, १९९८ मध्ये होंडा बाहेर पडली, २००८ मध्ये दुचाकीचा धंदा महिंद्राकडे गेला. २०२४ मध्ये लूनाचे नाव परत आले, पण विजेवरच्या ई-लूनावर. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही अशीच गेली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची ती गाडी. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ सालची. वीस वर्षांची मुदत भरली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून उतरली. सारे अनित्य आहे, ही तथागतांची शिकवण लोखंडालाही लागू पडते.

मग करायचे काय? गाडी चालत असेल तर खुशाल चालवा, पण कागद नीट ठेवा. पंधरा वर्षे झाली की पुनर्नोंदणी लागते, ती पुढे दर पाच वर्षांनी करावी लागते. चालत नसेल तर जुन्या पार्टसाठी मुलीच्या फीच्या पैशाला हात लावू नका. भंगारात द्यायची ठरली तर आधी श्रीरामपूरच्या आरटीओ कचेरीत नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर तुमच्या नावावरची नंबरप्लेट उद्या भलत्याच गाडीवर फिरेल.

आणि गाडी जाण्याआधी दादांनी नातवंडांना जवळ बसवून सांगावे, ही कधी घेतली, किती हप्ते फेडले, पहिल्या दिवशी कोणाला बसवून कुठे नेले. वहीत लिहून ठेवले तर अधिकच बरे. लोखंड किलोने विकले जाईल. घराण्याचा इतिहास मात्र भंगारात जाता कामा नये.

जयभीम!