सही करण्याआधी कागद मागा : हप्त्यावर मोबाईल घेणाऱ्या अहमदपूरकरांना कळकळीचे आवाहन



दसरा जवळ आला की मोंढ्यात सोयाबीनची आवक सुरू होते आणि त्याच दिवसांत मोबाईलच्या दुकानांत गर्दी वाढते. काऊंटरच्या एका टोकाला फायनान्सचा मुलगा टॅब घेऊन बसलेला असतो. ‘डाऊन पेमेंट नाही’, ‘व्याज नाही’, ‘आधार आणि पॅन द्या, दहा मिनिटांत मोबाईल घेऊन जा’. दिवाळीपर्यंत आपल्या तालुक्यातली शेकडो घरे या टेबलासमोर बसतील. त्यात लातूरला ट्यूशनला गेलेल्या पोराचे वडील असतील, बचत गटातल्या ताई असतील, पहिला पगार हातात पडलेली तरुण मुले असतील. त्या सगळ्यांना आजच सांगायचे आहे, कारण ओटीपी एकदा सांगितला की पुढे सांगून फारसा उपयोग नसतो.

मागणे एकच आहे. सही, अंगठा किंवा ओटीपी देण्याआधी कर्जाचे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. तो कागद तुम्हाला समजेल अशा भाषेत, म्हणजे मराठीत मागा. तो घरी आणा, एक रात्र जाऊ द्या आणि मग ठरवा.

हा कागद मागणे म्हणजे दुकानदाराकडे मेहेरबानी मागणे नाही. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ रोजी परिपत्रक काढले आणि १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जाला हा कागद सक्तीचा केला. मोबाईलचे कर्ज त्यातच येते. कर्जाची रक्कम, हप्ते किती, तारखा कोणत्या, प्रोसेसिंग फी, विमा, हप्ता चुकला तर दंड, आणि फी-विमा धरून वर्षाचा खरा दर किती, हे त्यात एकत्र लिहावे लागते. ते कर्जदाराला समजावून सांगून तशी पोच घ्यायची असते. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात हा प्रस्ताव किमान तीन कामकाजाचे दिवस खुला ठेवावा लागतो. म्हणून ‘ऑफर आजच संपते, आत्ताच सही करा’ असे कुणी म्हणाले, तर दुकानाची सूट आज संपत असेलही, पण कर्जाच्या अटी वाचायला मिळणारे तीन दिवस तो काढून घेऊ शकत नाही. आणि या कागदात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे लावता येत नाही.

इंग्लंड-अमेरिकेत मोबाईल ‘कॉन्ट्रॅक्ट’वर मिळतो असे आपण ऐकतो. तिथे सिमकार्डवाली कंपनीच दोन-तीन वर्षांच्या करारावर हॅन्डसेट देते आणि महिन्याच्या बिलात दोन्ही येते. आपल्याकडे तसे जवळपास नाही. त्याच्या जवळ गेलेली एक मोठी योजना जिओफोन नेक्स्टची होती. २०२१ च्या दिवाळीत आलेल्या त्या फोनची किंमत ६,४९९ रुपये होती. हप्त्यावर घ्यायचा तर आधी १,९९९ रुपये, ५०१ रुपये प्रोसेसिंग फी आणि सगळ्यांत स्वस्त प्लॅनवर महिना ३०० रुपये, २४ महिने. बेरीज ९,७०० रुपये. त्यात महिन्याला ५ जीबी डेटा आणि १०० मिनिटे बोलणे येत होते, त्यामुळे तो सौदा चांगला की वाईट हे ज्याच्या त्याच्या वापरावर होते. पण जाहिरातीत महिन्याचे ३०० डोळ्यांत भरायचे आणि ९,७०० हा आकडा ज्याचा त्याने काढावा लागायचा. आज दुकानात जे चालते त्यात तर तीन वेगळे पक्ष आहेत : दुकानदार, मोबाईलची कंपनी आणि फायनान्स कंपनी. मोबाईल पहिल्या महिन्यात बिघडला तरी हप्ता थांबत नाही. तुम्ही वस्तू एकाकडून घेता आणि वैयक्तिक कर्ज दुसऱ्याकडून. हे दोन व्यवहार डोक्यात वेगळे ठेवा.

आता ‘बिनव्याजी’चा हिशेब करू. समजा मोबाईल १८,००० रुपयांचा आहे. रोख दिले तर दुकानदार १७,००० ला देतो. योजना आहे १,५०० रुपयांच्या बारा हप्त्यांची, त्यातले चार हप्ते आजच भरायचे. फी जीएसटी धरून ६०० रुपये. शिवाय न विचारता जोडलेला ९०० रुपयांचा विमा. वरवर पाहता १,५०० गुणिले १२ म्हणजे १८,०००, व्याज शून्य. पण चार हप्ते आधीच दिल्यामुळे खरे कर्ज १२,००० रुपयांचेच, तेही आठ महिन्यांसाठी. नुसती फी धरली तरी वर्षाचा दर १४ टक्क्यांच्या आसपास जातो. रोखीची हजाराची सूट गेली तीही धरा, दर ४० टक्क्यांच्या घरात. नको असलेला विमाही धरला तर सुमारे ६६ टक्के. कॅल्क्युलेटर घेऊन कुणाही हिशेबनिसाला करायला सांगा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते, ते बहुधा प्रोसेसिंग फीच्या नावाने वसूल होते.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न हप्त्याचा विचारू नका. ‘रोख दिले तर शेवटचा भाव काय?’ हे आधी विचारा, तो आकडा लिहून घ्या आणि मगच फायनान्सच्या टेबलाकडे जा. कुणी ‘जीएसटी कमी झालाय, म्हणून हा भाव’ म्हणाले तर लक्षात ठेवा, २२ सप्टेंबर २०२५ ला अनेक वस्तूंचा कर उतरला, मोबाईलचा उतरला नाही. तो १ एप्रिल २०२० पासून १८ टक्केच आहे.

माझी सगळ्यांत मोठी काळजी मात्र व्याजाची नाही, ती तारखेची आहे. आपला तालुका सुगीवर चालतो. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीला येतो, तुरीचा जानेवारीनंतर, हरभऱ्याचा फाल्गुनात. मग मृगापासून सगळा खर्चच. बी-बियाणे, खत, फवारणी, लेकरांच्या शाळा-कॉलेजची फी. पीककर्ज देणाऱ्या बँकेला हे ठाऊक असते, म्हणून त्याची परतफेड पिकाशी बांधलेली असते. मोबाईलचा हप्ता महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यातून आपोआप जातो, त्याला पाऊस-पाणी कळत नाही. दिवाळीत सुरू झालेल्या, महिन्याला एक अशा बारा हप्त्यांपैकी चार जून ते सप्टेंबरमध्ये येतात, घरात रोकड सर्वांत कमी असते तेव्हा. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने आपल्या भागातली उभी सोयाबीन पाण्यात गेली. त्या महिन्यातही हप्त्याची तारीख हललेली नव्हती.

२०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावाने १८,००० चा मोबाईल म्हणजे तीन क्विंटलच्या वर सोयाबीन. मोंढ्यात भाव हमीभावाखाली असेल तर आणखी जास्त. शेतकऱ्याच्या घरात मोबाईल घ्यायचाच असेल, तर सुगीच्या पैशातून रोख घ्या, नाहीतर अर्ध्याहून जास्त रक्कम आधी भरून उरलेली मृगाच्या आत संपेल इतकीच मुदत ठेवा. ज्याला महिन्याचा पगार आहे त्याचे गणित वेगळे, त्याने पगाराच्या तारखेनंतरची तारीख मागून घ्यावी.

हप्ता एकदा चुकला की काय होते? खात्यात पैसे नसले तर फायनान्स कंपनी बाऊन्सचा आकार लावते आणि तुमची बँकही लावते. १,५०० च्या हप्त्यामागे पाचशेच्या पुढे भुर्दंड बसू शकतो. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ प्रमाणे असा ऑटो-डेबिट पुरेशा रकमेअभावी परत जाणे हा चेक न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. शिवाय नोंद सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडे जाते. पतगुण ३०० ते ९०० मध्ये मोजले जातात, आणि २०२५ पासून ही माहिती निदान दर पंधरा दिवसांनी पाठवली जाते. पुढे ट्रॅक्टरसाठी, घरासाठी, मुलीच्या शिक्षणासाठी बँकेत गेलात की मोबाईलचे थकलेले दोन हप्ते आडवे येतात.

बचत गटातल्या ताईंनो, तुम्हाला वेगळे सांगते. मायक्रोफायनान्स कर्ज देताना कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०२२ पासूनचा नियम आहे. मुलाच्या मोबाईलचा हप्ता त्यात धरला जातो. शेळीसाठी किंवा शिलाई मशीनसाठी लागणारे कर्ज त्यामुळे अडू शकते.

आणि हे तर हात जोडून सांगते : दुसऱ्यासाठी आपल्या नावावर मोबाईल काढू नका. ‘माझं सिबिल खराब आहे, तुझं आधार दे, हप्ते मी भरतो’ असे म्हणणारा मित्र असतो, चुलत भाऊ असतो, कधी मालकही असतो. तीन महिन्यांनी तो पुण्याला कामाला जातो आणि वसुलीचा फोन तुम्हाला येतो. कर्जाच्या कागदावर नाव तुमचे असेल तर फेडही तुमचीच. आधारची झेरॉक्स दिलीत तर तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख पेनाने लिहा. ओटीपी आला की आधी मेसेज पूर्ण वाचा, कर्जाची रक्कम त्यात असू शकते. देशातल्या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो काढून पाहा, तुमच्या नावावर न घेतलेले कर्ज निघाले तर लगेच तक्रार करा.

मोबाईल निवडायचा कसा, हेही थोडक्यात सांगते, कारण चुकीचा मोबाईल हप्ते संपण्याआधी दम तोडतो. पंधरा ते वीस-बावीस हजारांच्या टप्प्यात कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलला भुलू नका. सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार ते विचारा. त्याच टप्प्यात एखादी कंपनी सहा वर्षे देते, एखादी दोनच. बँकेचे आणि यूपीआयचे ॲप ज्यात चालवायचे त्या फोनला अपडेट नसणे धोक्याचे. रॅम ८ जीबी, साठवण १२८ जीबी असली म्हणजे चार वर्षे अडचण येत नाही. स्क्रीन दुकानाच्या दारात उन्हात धरून पाहा, शेतात ती दिसली पाहिजे. फुटलेल्या स्क्रीनचा बदलायचा खर्च आणि अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठे आहे, हे मोबाईल हातात घेण्याआधी विचारा. लातूर काय नि नांदेड काय, दोन्हीकडे साठ किलोमीटरच्या वर एसटीने जावे लागते, दिवस मोडतो. किनगाव, शिरूर ताजबंद, हाडोळती, अंधोरी, जिथे राहता तिथे घराच्या आतल्या खोलीत कोणत्या कंपनीची रेंज येते ते पाहून त्या कंपनीचे बँड फोनमध्ये आहेत का, ते तपासून घ्या. बीएसएनएलचे स्वदेशी फोर-जी सप्टेंबर २०२५ मध्ये औपचारिकपणे सुरू झाले, ते वापरायचे तर बँड २८ असलेला फोन बरा. जुना किंवा बिलाशिवायचा मोबाईल घेत असाल तर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय क्रमांक काढा आणि इंग्रजी अक्षरांत ‘केवायएम’, मग जागा सोडून तो क्रमांक १४४२२ ला मेसेज करा. चोरीचा किंवा बंद केलेला असेल तर कळते.

कागद वाचताना आणखी एक शोधा : हप्ता चुकल्यास फोन दुरून बंद करणारे ॲप टाकणार का? बातम्यांनुसार रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये ही पद्धत थांबवायला सांगितली होती, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये संमती घेऊन तशी मुभा द्यावी का हे तपासले जात असल्याचे गव्हर्नरांनी सांगितले. नियम पुढे कसाही वळो, तुमच्या करारात काय लिहिले आहे ते तुम्हाला माहीत हवे. त्याच फोनवर दवाखाना, पीकविमा, पोराचा अभ्यास, सगळे आहे.

जानेवारी २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यात एका शेतकरी घरातला कोवळा मुलगा आणि त्याच्या पाठोपाठ त्याचे वडील गेले. मुलाने नवा मोबाईल मागितला होता, वडिलांच्या डोक्यावर आधीच कर्ज होते. अशा मृत्यूंना कधीच एक कारण नसते, आणि त्या घराबद्दल बाहेरून काही बोलायचा अधिकार आपल्याला नाही. पण आपल्या घरात हा विषय दडवून ठेवू नका. आईवडिलांनो, पैसे का नाहीत ते मुलांना आकड्यांसह सांगा, मुले समजून घेतात. मुलांनो, मित्राच्या हातातल्या फोनवर त्याच्या बापाचे किती हप्ते बाकी आहेत हे तुम्हाला दिसत नाही. कुणाचेही मन फार खचले असेल तर १४४१६ वर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, दिवसरात्र आणि मराठीतही बोलता येते.

ज्यांचे हप्ते आधीच थकले आहेत त्यांनी फोन उचलणे बंद करू नये. कंपनीला लेखी कळवा, मुदत मागा. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, नातेवाइकांसमोर अपमान करता येत नाही. कर्जाच्या ॲपने तुमच्या फोनमधले संपर्क आणि फोटो पाहणे नियमाला धरून नाही. दंडावर पुन्हा व्याज लावता येत नाही. कंपनीने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा टाळाटाळ केली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, माहितीसाठी क्रमांक १४४४८. वस्तूची किंवा दुकानाची तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि लातूरचा जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी नाही.

शहरातल्या मोबाईल दुकानदारांना विनंती आहे की रोखीचा भाव आणि हप्त्याचा एकूण भाव शेजारी-शेजारी मराठीत लावा. गिऱ्हाईक तुमच्या ओळखीचे आहे, पुढच्या सुगीलाही ते तुमच्याकडेच येणार आहे. शाळा-महाविद्यालयांतल्या सरांना आणि मॅडमना विनंती आहे की गणिताच्या एका तासाला खऱ्या हप्त्याचा कागद फळ्यावर सोडवा. ग्रामसेवकांनी आणि सरपंचांनी हे आवाहन ग्रामसभेत वाचून दाखवावे.

आणि ज्यांचा हप्ता चालू आहे त्यांनी आज रात्रीच एक वही काढावी. कर्जाचा क्रमांक, कंपनीचे नाव, हप्त्याची तारीख, उरलेले हप्ते आणि फोनचा आयएमईआय क्रमांक त्यात लिहून ठेवावा. फोन हरवला किंवा बंद पडला तर हे सगळे त्याच फोनमध्ये अडकून बसते.